चढावर गिअर कडकडतात; मोठ्या मोटरी घ्याव्यात का?

प्रश्न : काका, मी आणि माझ्या भाच्यानं घरीच चार चाकांचा रोबोट केलाय. पिवळ्या डबीतल्या, प्लॅस्टिक गिअरच्या चार मोटरी, त्यांच्याच शाफ्टवर थेट बसवलेली १० सेंमी व्यासाची चाकं, बॅटरीसकट वजन ६ किलो. फरशीवर छान पळतो. गोठ्याकडच्या मातीच्या चढावर मात्र गिअर कडकडतात, आणि आता एक चाक तिरकं झालंय. जास्त ताकदीच्या मोटरी बसवल्या की भागेल का? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : मोटरी बदलाव्याच लागतील, पण तेवढ्यानं भागणार नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर शाफ्ट कातणारा माणूस. तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष आधी त्या तिरक्या चाकाकडे गेलं. दोष तिथंच आहे. ६ किलोचा भार चार बारीक शाफ्टांवर बाहेरच्या बाजूला लटकतोय, हात लांब करून भरलेली घागर धरल्यासारखा. शाफ्ट वाकला की आतले गिअर एकमेकांपासून सरकतात, दात टोकावर घासतात आणि तुटतात. मोठ्या मोटरीवरही तसंच लटकवलंत तर तिचा गिअरबॉक्सही आज ना उद्या जाईल. मोटरीनं फक्त फिरवावं, वजन बेअरिंगनं पेलावं.

म्हणून प्रत्येक चाकाला ८ मिमीचा स्वतंत्र स्टीलचा आस द्या आणि त्याला ६०८ नंबरची दोन बेअरिंग. आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिमी. स्केटिंगच्या बुटांना असतात तीच, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. रबरी सीलची मागा, खानापूरचा पाऊस आणि तांबडी माती उघड्या बेअरिंगला टिकू देणार नाही. दोन बेअरिंगमध्ये चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवा आणि चाक बाहेरच्या बेअरिंगला जितकं जवळ आणता येईल तितकं आणा. बेअरिंग भोकात दाबून बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्या. तेव्हा आतल्या कड्यावर ठोकलं की गोळ्यांची वाट खराब होते आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. चाकाचा ग्रब स्क्रू, म्हणजे चाक आसावर आवळून धरणारा बिनडोक्याचा बारीक स्क्रू, गोल आसावर घसरतोच, तेव्हा तिथं कानशीनं सपाट जागा करून घ्या.

आता ताकदीचा हिशेब. चार फुटांत एक फूट चढ धरला तर ६ किलोला वर ओढायला साधारण दीड किलोचा जोर लागतो, मऊ मातीचे आणखी अर्धा-पाऊण किलो. चाकाची त्रिज्या ५ सेंमी, म्हणजे चाकं फिरवायला लागणारा जोर (टॉर्क) एकूण साडेदहा किलो-सेंटिमीटरच्या आसपास. तुमची पिवळी मोटर अडली तरी जेमतेम एक किलो-सेंटिमीटर देते, चार मिळून चारच. १२ व्होल्टच्या, धातूच्या गिअरच्या दोनच मोटरी घ्या, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. मोटर २०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला २०० फेरे घेणारी, तिच्यावर १२ दात्यांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), आसावर २४ दात्यांचं, दोन्हींवरून चेन. चाकाला १०० फेरे मिळतील, सेकंदाला अर्धा मीटर. भाच्याला सोबत चालता येईल. आसाला प्रत्येक बाजूनं पाच-सव्वापाच किलो-सेंटिमीटर लागतात, मोटरीला त्याच्या निम्मे. तरी अडल्यावरची ताकद त्याच्या तिप्पट, म्हणजे आठच्या वर असलेलीच मोटर निवडा. त्या बाजूचं दुसरं चाक वेगळ्या चेननं जोडा. मोटरीच्या पट्टीला लांबट भोकं पाडा, म्हणजे चेन ताणता येईल.

वळण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. चार चाकी गाडी जागेवर वळताना टायर आडवे घासतात आणि मोटरी सगळ्यात जास्त करंट तेव्हाच ओढतात. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर डाव्या-उजव्या अंतरापेक्षा कमी ठेवा, फरक लगेच दिसेल.

मोटरींना करंट देणारा सर्किट बोर्ड, म्हणजे ड्रायव्हर, जुना एल२९८एन असेल तर तो काढाच. एका बाजूला २ अॅम्पिअरची मर्यादा, वर दोनेक व्होल्ट तोच खातो. प्रत्येक मोटरीला एक बीटीएस७९६० ड्रायव्हर लावा, आणि बॅटरीजवळ फ्यूज.

मोटरी जोडण्याआधी गाडी हातानं ढकलून बघा. चारही चाकं हलकी फिरली तरच पुढं जा. आणि चेनला ग्रीस नको, त्यात माती धरते. पातळ तेलाचे दोन थेंब टाका आणि वरचं फडक्यानं पुसून घ्या.