दुपारी गडगडाटी पाऊस होईल का, हे सकाळी कसं ओळखायचं?

अ‍ॅपवर रोज ‘दुपारी वादळी पाऊस, ४०%’ दिसतं, प्रत्यक्षात कधी धो धो पडतो तर कधी थेंबही नाही. मग आपल्या भागापुरता अंदाज स्वतः बांधता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण दोन टप्प्यांत. सकाळी फक्त आजचा दिवस वादळाचा आहे का ते ठरतं. कुठे आणि किती, ते दुपारी रडारवरच कळतं. एकेका वादळी ढगाखालची पावसाची पट्टी जेमतेम ५-१० किमी रुंद असते, त्यामुळे सकाळीच गावाचं नाव घेऊन सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सकाळी जवळच्या केंद्राच्या हवामान बलूनचा आलेख (उंचीनुसार तापमान, ओलावा आणि वारा दाखवणारा) उघडा. त्यावर छापलेला केपचा (CAPE, म्हणजे हवेला वर उसळायला मिळू शकणारी ऊर्जा) आकडा बहुधा पहाटेच्या जमिनीलगतच्या हवेचा असतो. तो तसाच उचलला की अंदाज हमखास चुकतो. दुपारचं अपेक्षित कमाल तापमान आणि दुपारचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो) घालून तो पुन्हा काढा. यातला दवबिंदू खरा नाजूक. ऊन चढलं की वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि सकाळचा २० अंशांचा दवबिंदू दुपारी १४ वर येऊ शकतो. तापमान आणि दवबिंदूतल्या फरकाला १२५ ने गुणलं की ढगाच्या तळाची उंची साधारण मीटरमध्ये मिळते. तापमान ३८, दवबिंदू २० असेल तर २२५० मीटर. दवबिंदू १४ झाला तर ३००० मीटर. तळ इतका वर गेला की बराच पाऊस वाटेतच वाळतो, त्या बाष्पीभवनाने हवा थंड होऊन खाली कोसळते आणि वाट्याला धुळीचा सोसाटाच येतो. काल दुपारी दवबिंदू किती उतरला होता ते पाहा. वारा बदलला नसेल तर आजही साधारण तेवढाच उतरेल.

सुधारित केप १००० ज्यूल प्रति किलोच्या वर असेल तर लक्ष ठेवावं, २५०० च्या वर असेल तर जोरदार वादळाइतकी ऊर्जा आहे. पण वर उष्ण थराचं झाकण असतं, ते खालच्या हवेला वर चढू देत नाही. ते अजिबात नसेल तर सकाळपासूनच ढग जमतात, सावली पडते आणि ऊर्जा किरकोळ सरींत संपते. मध्यम झाकण दुपारपर्यंत टिकून मग फुटलं, तर वादळ उशिरा पण जोरात येतं. ते फोडायला धक्का लागतो: तापलेला डोंगरउतार, समुद्री वाऱ्याची आघाडी किंवा दोन वारे भिडतात ती रेषा. नकाशावर या जागा आधीच खुणावून ठेवा.

संगणकावरच्या हवामान मॉडेलांबद्दल एवढंच: १० किमी किंवा त्याहून मोठ्या जाळीची (म्हणजे हिशोबाच्या बिंदूंमध्ये तेवढं अंतर असलेली) मॉडेलं पाऊस बहुतेकदा खूप लवकर, भर दुपारीच पाडतात. १ ते ३ किमी जाळीच्या मॉडेलात वेळ आणि वादळाचा प्रकार बघावा, जागा नाही.

किती पडेल हे ढगाच्या चालीवर फार अवलंबून असतं. ताशी ६० मिमी तीव्रतेची, १० किमी रुंदीची सर ताशी ४० किमीने सरकली तर एका जागी १५ मिनिटांत १५ मिमी देते. ताशी १० किमीने सरकली तर तासाभरात ६० मिमी. म्हणून ७०० ते ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचे (साधारण ३ ते ६ किमी उंचीवरचे) वारे मंद असलेल्या दिवशी पाणी तुंबण्याची भीती जास्त.

दुपारी उपग्रहचित्रात ढग चपटेच राहत असतील तर झाकण टिकलंय. रुंदीपेक्षा उंच बुरूज दिसू लागले की रडारकडे वळा. जिथे तापमान उणे १० अंश असतं त्या उंचीवर ४० डीबीझेडचा (रडारच्या प्रतिध्वनीची तीव्रता मोजायचं एकक) प्रतिध्वनी आला की विजा लवकरच सुरू होतात. वादळातून निघालेल्या थंड वाऱ्याची बारीक रेषाही शोधा. अशा दोन रेषा मिळतात तिथे नवे ढग उठतात. साधा वादळी ढग ३० ते ६० मिनिटंच जगतो, म्हणून त्याची आत्ताची वाट तासाभराच्या पुढे ओढून अंदाज देऊ नका. जमीन ते ६ किमी उंचीदरम्यान वाऱ्यात सेकंदाला १५-२० मीटरहून जास्त फरक असेल, तरच वादळ तासन्‌तास टिकण्याची शक्यता धरा.