एसी खडखडतोय? आधी आवाज कुठला ते शोधा

मेकॅनिकला बोलावण्याआधी एसी नुसत्या फॅन मोडवर चालवून बघा. तेव्हाही खडखड येत असेल तर दोष आतल्या युनिटमध्ये. कूलवर टाकून कॉम्प्रेसर सुरू झाल्यावरच येत असेल तर बाहेरच्यात.

आतलं पुढचं पॅनेल तळहाताने हलकं दाबा. आवाज थांबला, तर पॅनेल किंवा फिल्टर खाचेत नीट बसलेला नाही, एवढंच. नाही थांबला तर ब्लोअरवर, म्हणजे आतल्या पंख्यावर, धूळ साचून त्याचा तोल गेला असेल. तो धुवून घ्यावा लागतो.

बाहेर मात्र कारणं बरीच. स्टँडचे नट सैल होतात, खालचं रबर उन्हापावसात कडक होतं, मग भिंतही थरथरते. तांब्याच्या नळ्या एकमेकींना घासत असतील तर चालढकल नको. घासून भोक पडलं की गॅस गेलाच! मध्ये फोमचा तुकडा बांधला तरी काम होतं. पण खिडकीबाहेर वाकून हे स्वतः करू नका, आणि कुठलंही झाकण उघडण्याआधी एमसीबी, म्हणजे एसीची वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच, बंद करा.

खडखडीवर कुणी थेट ‘गॅस भरावा लागेल’ म्हणालं, तर आधी प्रेशर मोजून दाखवायला सांगा.