समीकरण कोण मांडतं?

(एका वडिलांचं पत्र, थोडक्यात: ‘मुलगी बारावीत आहे. गणितात ९४च्या खाली कधी गेली नाही. अर्थशास्त्र म्हणजे आता गणितच झालंय असं वाचनात आलं, म्हणून तिने गणिती अर्थशास्त्रात पदवी घ्यावी असं आम्ही ठरवलं आहे. रोज संध्याकाळी दोन तास मी तिच्यासोबत बसतो. शाब्दिक उदाहरण आलं की ती अडखळते. मग मी समीकरण मांडून देतो, पुढे ती झरझर सोडवते. मध्येच भलते प्रश्न काढते. भाव वाढला की मागणी इतकीच कमी होते हे कुणी ठरवलं, हा आकडा आला कुठून, वगैरे. परीक्षेत हे येत नाही, वेळ घालवू नकोस, असं मी सांगतो. तिला पुढचं विचारलं तर ‘बघू’ म्हणते. कोणती पदवी, कोणत्या प्रवेशपरीक्षा, तयारी कशी करावी, मार्गदर्शन करावे.’)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गुणांकडे लक्ष गेलं. दुसऱ्यांदा ‘मी समीकरण मांडून देतो’ या वाक्याशी अडकलो आणि पुढे सरकायला बराच वेळ लागला.

तुम्ही प्रेमाने करता याबद्दल शंका नाही. पण तुम्ही जे करून देता, तेच तर या विषयाचं मुख्य काम आहे. मुलीच्या वाट्याला उरतं ते सोडवणं, आणि तेवढं काम संगणक तिच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा कितीतरी लवकर करतो.

एक साधं उदाहरण घ्या. एका वस्तूची किंमत क्ष आहे आणि मागणी १०० वजा २क्ष. विक्रीतून सर्वांत जास्त रक्कम मिळवायची तर किंमत किती ठेवावी? एकदा विकलन (डिफरन्शिएशन) करायचं, शून्याशी समान करायचं, उत्तर २५. तुमची मुलगी सोडवण्यात पक्की आहे, तिला अर्धं मिनिट पुरेल. आता खरा प्रश्न. ते १०० आणि ते २ आणले कुठून?

हा प्रश्न माझा नाही, तिचा आहे. तुम्ही ज्याला भलता प्रश्न म्हणालात तो हाच, आणि त्यावर भल्याभल्यांची आयुष्यं खर्ची पडली आहेत. बाजारात मागणीची रेघ, म्हणजे कोणत्या भावाला किती माल खपेल ते दाखवणारी रेघ, कुणाला दिसत नसते. दिसतात फक्त ठिपके: त्या दिवशी भाव अमुक होता, माल तमुक खपला. भाव चढला तो माल कमी आला म्हणून, की घेणारे वाढले म्हणून, हे ठिपका सांगत नाही. सगळ्या ठिपक्यांमधून रेघ ओढली तर ती धड मागणीचीही नसते आणि धड पुरवठ्याचीही नसते. १९२८ साली फिलिप राइट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाच्या नावावर तेलांवरील आयातकराविषयी एक पुस्तक निघालं. त्याच्या परिशिष्टात यावर तोड दिली आहे. पुरवठा हलवेल, पण घेणाऱ्यांच्या गरजेला हात लावणार नाही, अशी एखादी गोष्ट शोधायची. शेतात पीक किती उतरलं, ही तशी गोष्ट. पीक बुडालं की पुरवठ्याची रेघ सरकते, मागणीची जागच्या जागी राहते, आणि ठिपके मग मागणीच्या रेघेवरूनच वरखाली होतात. म्हणजे दडलेली रेघ उघडी पडते. आज अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासायची विद्या, शिकणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती शिकावीच लागते. त्यात बीजगणित फार अवघड नाही. अवघड आहे ते ‘हा आकडा आला कुठून’ असं विचारणं. तुमच्या मुलीला ते आपसूक सुचलं आणि तिला उत्तर मिळालं, वेळ घालवू नकोस.

मला हे वाचून हसूही आलं आणि रागही आला. राग जरा जास्त.

गणिती अर्थशास्त्र म्हणजे मोठमोठी आकडेमोड, तेव्हा ज्याचं गणित पक्कं त्याला अर्थशास्त्राचे प्रश्न सुटतात, हा समज तुमचा एकट्याचा नाही. पण तो चुकीचा आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शेप्ली या दोघा गणितज्ञांनी १९६२ मध्ये मोजक्या पानांचा एक निबंध लिहिला. विद्यार्थ्यांना कॉलेजं हवीत, कॉलेजांना विद्यार्थी, दोन्हीकडच्या आवडीनिवडी वेगवेगळ्या. जोड्या अशा लावायच्या की ठरलेलं मोडून एकमेकांकडे जावं असं कुठल्याही विद्यार्थ्याला आणि कॉलेजला एकाच वेळी वाटू नये. हे नेहमी जमवता येतं, आणि ते कसं, हे त्यांनी सिद्ध केलं. शेवटी मिश्किलपणे नोंदही केली की हा युक्तिवाद समजायला कॅल्क्युलस लागत नाही, किंबहुना मोजता येण्याचीही फारशी गरज नाही. त्याच विचारावर पुढे डॉक्टरांच्या नेमणुका आणि शाळाप्रवेश यांच्या पद्धती बेतल्या गेल्या. २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल शेप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना मिळालं ते या कामासाठी. सांगायचं इतकंच की गणित तिथे काठोकाठ भरलेलं आहे, आकडे जवळजवळ नाहीत.

मग ९४ गुणांचं काय? परीक्षेला ती एकटीच बसते, तेव्हा गुण तिचेच. फक्त ते साच्यातल्या प्रश्नांचे आहेत, आणि साचा तुम्ही तिच्याकडून घोटून घेतला आहे. बिनसाच्याचा प्रश्न समोर आला तर ती काय करेल, हे तुम्हाला माहीत नाही, मला नाही, आणि तिलाही नाही. तिला ते कळायची संधीच आलेली नाही.

आता ‘बघू’. ज्या घरात ‘नाही’ म्हणायची सोय नसते, तिथे मुलं ‘बघू’ म्हणतात. तुमच्या अख्ख्या पत्रात ‘आम्ही ठरवलं’ आहे, ‘मी सांगतो’ आहे. तिचे स्वतःचे शब्द शोधले तर हा एक ‘बघू’ आणि ते भलते प्रश्न, एवढेच सापडतात. करिअर निवडायला मला त्या प्रश्नांचा आधार गुणांपेक्षा जास्त वाटतो.

तुमच्या मूळ प्रश्नांबद्दल थोडक्यात. पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या अवघड प्रवेशपरीक्षांना कलन (म्हणजेच कॅल्क्युलस), रेषीय बीजगणित आणि संभाव्यता लागते. गणित किंवा संख्याशास्त्राची पदवी घेऊन नंतर अर्थशास्त्राकडे वळता येतं, उलटा प्रवास जड जातो. तेव्हा घाई नाही.

कोणती पदवी हे मी आज सांगणार नाही. त्याऐवजी पुढचे तीन महिने संध्याकाळचे ते दोन तास बंद करा. शाब्दिक उदाहरणावर ती अडखळली तर अडखळू द्या. तासभर कागद कोरा राहिला तरी आत जाऊ नका. तुम्हाला फार जड जाईल, कल्पना आहे. गुण चार-पाचने घसरतीलही.

खालचा मजकूर तिला वाचायला द्या.

तुझ्यासाठी एक कोडं आहे. दोन झरे, दोन मालक, पाणी काढायला खर्च शून्य. दोघांचं मिळून जितकं पाणी बाजारात येईल तितका भाव उतरतो. एकमेकांशी न ठरवता प्रत्येकाने किती पाणी आणावं? ऑगस्टिन कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ मध्ये हे मांडलं. आधी एकही चिन्ह न वापरता एक पान लिही: तू काय गृहीत धरलंस, का धरलंस आणि काय मुद्दाम सोडून दिलंस. चिन्हं नंतर. भाव म्हणजे १०० वजा एकूण पाणी, असं धरलंस तरी चालेल. उत्तर आत्ताच सांगून टाकतो: संगनमत केलं तर दोघांचं मिळून ५०, आपापलं पाहिलं तर प्रत्येकी ३३च्या किंचित वर. मला हवंय ते वेगळं. आपापलं पाहण्यात दोघांचीही मिळकत कमी होते, तरी दोघं हात आखडता का घेत नाहीत? आणि ‘१०० वजा एकूण पाणी’ हे तुला पटत नसेल, तर का पटत नाही?

पान पूर्ण झाल्यावरच बाबांना दाखव. मध्येच कंटाळा आला तर तसं लिहून तेच पान पाठव, मला त्यावरूनही बरंच कळेल.