गाइड म्हणतात हा आपला विषयच नाही!

प्रश्न : मी एमए समाजशास्त्र करतेय. डिझर्टेशनसाठी 'ओळखीतून नोकरी कशी मिळते' हा विषय काढला तर गाइड म्हणाले हा इकॉनॉमिक्सचा विषय, मैत्रीण म्हणते सायकॉलॉजीचा. बदलू का? आणि नुसत्या मुलाखती घेतल्या तर ते मानववंशशास्त्र होईल का?

उत्तर : बदलू नका हो, हा विषय तर समाजशास्त्रात चांगलाच गाजलेला आहे. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, त्यात ते विचारायचे की ही नोकरी मित्राने सांगितली का, तर लोक त्यांनाच दुरुस्त करायचे, मित्र नाही, नुसती ओळख आहे. हे इतक्या वेळा झालं की त्यातूनच त्यांना १९७३ च्या पेपरमधला नोकरीबद्दलचा भाग सुचला. ओळखीतून नोकरी लागलेल्या ५४ जणांत, नोकरी सांगणाऱ्याला नेहमी भेटणारे फक्त १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. जवळच्या मित्राला जे माहिती असतं ते आपल्यालाही बहुतेक आधीच कळलेलं असतं ना, नवी बातमी येते ती लांबच्या माणसाकडून. (५४ हा आकडा काही मोठा नाही, पण लोकांची ती दुरुस्ती कान देऊन ऐकली हे मला जास्त आवडतं.)

गाइडचंही अगदीच चूक नाही म्हणा. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६२ मध्येच नोकऱ्यांच्या माहितीवर लिहिलं, पण त्यांचा प्रश्न असा की माहिती शोधायला खर्च किती येतो आणि माणूस शोध कधी थांबवतो. सायकॉलॉजीवाले विचारतील की शब्द टाकायला काहींना संकोच का वाटतो. तुम्ही विचारायचं की कोणाची ओळख कुठपर्यंत पोचते आणि त्या साखळीबाहेर कोण राहतं.

मुलाखती सगळेच घेतात, त्याची काळजी सोडा.

काळजी घ्यायची ती सरकारी आकडे वापरताना. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं की परदेशात जन्मलेले लोक ज्या राज्यांत जास्त तिथे निरक्षरता कमी दिसते, पण एकेक माणूस धरून बघितलं तर निरक्षरता त्यांच्यातच जास्त, म्हणजे ते राहायला गेले होते शिकलेल्या राज्यांत, एवढंच. तेव्हा जिल्ह्याच्या आकड्यावरून माणसाबद्दल काही लिहू नका.

शीर्षकात 'ओळखीचं जाळं' आधी घाला आणि 'नोकरी' मागे टाका, मग गाइडकडे परत जा, बहुतेक सही करतील.