अमेरिकेत हॉटेलवाला सर्व्हिस डॉगचं सर्टिफिकेट मागू शकतो का?

नाही. (सर्व्हिस डॉग म्हणजे अपंग व्यक्तीच्या मदतीसाठी खास काम शिकवलेला कुत्रा.) तिथला कायदा म्हणजे १९९० चा 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट'. कुत्रा कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल, तर कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? बस्स. आजार कोणता, कागद दाखवा, इथे करून दाखवा, यातलं काहीही विचारता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नेमकं द्या. "साखर उतरली की पंजा मारून सांगतो" हे चालतं. "जवळ असला की बरं वाटतं" हे चालत नाही. नुसत्या भावनिक आधाराचा प्राणी या कायद्यात बसत नाही. (घरभाड्याचा कायदा वेगळा, तिथे तो बसू शकतो.)

ऑनलाइन पैसे भरून मिळणाऱ्या 'नोंदणी'ला कायद्यात काडीची किंमत नाही. उगाच खिसा रिकामा करू नका. कुत्रा स्वतः शिकवलेला असला तरी चालतो.

हॉटेलला पाळीव प्राण्यांचं जादा शुल्क लावता येत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला ॲलर्जी आहे किंवा भीती वाटते म्हणूनही हाकलता येत नाही. पण कुत्रा आवरत नसेल आणि तुम्ही त्याला आवरत नसाल, किंवा तो आत घाण करत असेल, तर कुत्र्याला बाहेर न्यायला सांगू शकतात. खोलीत नासधूस केली तर इतर पाहुण्यांसारखीच भरपाई तुम्हालाही द्यावी लागेल.

विमानाचे नियम निराळे आहेत, तिथे फॉर्म भरून मागतात.