मराठी सिनेमाने 5 कोटींचा गल्ला जमवला, तरी निर्माता तोट्यात कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: पेपरात पाच कोटींची बातमी आलेली असताना निर्माता का रडतो, आणि लोक चांगलं बोलत असलेला मराठी सिनेमा दुसऱ्या आठवड्यात गायब का होतो. दोन्हींची मुळं एकाच हिशेबात आहेत, म्हणून आधी तो मांडतो.

बातमीतला गल्ला बहुतेक वेळा ग्रॉस असतो, म्हणजे प्रेक्षकाने मोजलेले सगळे पैसे. त्यातून पहिल्यांदा जीएसटी जातो. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के, शंभरपर्यंतच्या तिकिटाला सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के. मल्टिप्लेक्समध्ये शंभरच्या आत तिकीट क्वचितच असतं, म्हणून 18 धरू. पाच कोटींचे झाले 4 कोटी 24 लाख. हा नेट.

नेटमधून थिएटर आपला वाटा ठेवून वितरकाला शेअर देतं. 2009 मध्ये निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सना दोन महिने नवे हिंदी सिनेमे दिले नव्हते. त्यानंतरच्या तडजोडीत ठरलेला शेअर पहिल्या आठवड्याला 50 टक्के, दुसऱ्याला 42.5, तिसऱ्याला 37.5 आणि पुढे 30 असा उतरत जातो. करारागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण उतरण हीच. आता 60 टक्के धंदा पहिल्या आठवड्यात, 25 दुसऱ्यात आणि 15 तिसऱ्यात झाला असं धरा. शेअर येतो साधारण 1 कोटी 27 लाख, 45 लाख आणि 24 लाख. एकूण 1 कोटी 96 लाख. वितरकाचं कमिशन 10 टक्के धरलं तर उरले 1 कोटी 76 लाख. पोस्टर, होर्डिंग, टीव्हीचे स्पॉट, सोशल मीडिया यांवर 75 लाख गेले असतील, तर निर्मात्याच्या हातात एक कोटीच्या आसपास. सिनेमा तीन कोटींत बनला असेल तर दोन कोटींचा खड्डा.

यात व्हीपीएफ, म्हणजे व्हर्च्युअल प्रिंट फी, अजून धरलेलीच नाही. डिजिटल प्रोजेक्टर बसवणाऱ्या कंपन्यांना निर्मात्याला द्यावी लागणारी ही फी. शोमध्ये चार माणसं बसली काय नि चारशे, फी तीच. म्हणून हौसेने तीनशे पडदे घेणं छोट्या निर्मात्याच्या अंगलट येतं. सकाळी साडेनऊच्या रिकाम्या शोचे पैसेही त्यालाच भरावे लागतात.

आता दुसऱ्या आठवड्याचं. कागदावर पाहिलं तर सिनेमा जितका टिकेल तितका थिएटरचा वाटा वाढतो, मग त्याने तो ठेवायला हवा. पण पडदा म्हणजे नाशवंत माल. सात वाजताची रिकामी खुर्ची साडेसातला विकता येत नाही. 250 खुर्च्यांच्या पडद्यावर सोमवारी संध्याकाळी मराठी सिनेमाची 90 तिकिटं 180 रुपयांनी गेली, तर 16,200 रुपये. त्याच वेळेला नव्या हिंदी सिनेमाची 110 तिकिटं 260 रुपयांनी जाण्याची शक्यता असेल, तर 28,600. शिवाय वीस माणसं जास्त म्हणजे वीसजणांचं पॉपकॉर्न जास्त. देशातल्या सर्वांत मोठ्या साखळीत 2023-24 मध्ये माणशी खाण्यापिण्याचा खर्च 130 रुपयांच्या आसपास होता. त्या पैशात निर्मात्याला एक छदामही मिळत नाही. थिएटरच्या नफ्याचा मोठा भाग तिथूनच येतो, त्यामुळे प्रोग्रॅमिंग करणारा, म्हणजे कुठला शो कुठल्या सिनेमाला द्यायचा हे ठरवणारा माणूस तिकिटाबरोबर डोकीही मोजतो.

निर्णय कधी होतो हेही महत्त्वाचं. आठवडा शुक्रवारी सुरू होतो, पण पुढच्या आठवड्याचे शो मंगळवार-बुधवारी ठरतात. म्हणजे सिनेमाला परीक्षेसाठी मिळतात चार-पाच दिवस, आणि त्यातही सगळा जोर सोमवारच्या आकड्यावर. मराठी प्रेक्षक विचारपूस करून, घरच्यांना जमेल तो रविवार पाहून जातो. त्याला बातमी लागते तोवर संध्याकाळचा शो गेलेला असतो आणि दुपारचा सव्वाबारा उरलेला असतो. नोकरदार माणूस सव्वाबाराला जाणार कसा? आकडा पडतो आणि ‘मराठीला प्रेक्षक नाही’ असा शिक्का बसतो. हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो, कारण प्रेक्षक होता, त्याच्या वेळेचा शो नव्हता.

इथे लोक सरकारी नियमाकडे बोट दाखवतात. नियमाने प्रत्येक पडद्यावर वर्षाला चार आठवडे, म्हणजे 112 शो मराठी सिनेमा दाखवणं बंधनकारक आहे, आणि 2015 पासून प्राइम टाइमची अटही आहे. पण ती वेळ दुपारी 12 ते रात्री 9 अशी धरली गेली. सोमवारचा सव्वाबाराचा शो त्यात चपखल बसतो. नियम पाळला जातो, सिनेमा मरतो.

करातही मराठीचं नुकसान झालं, त्याची चर्चा कमी होते. जुलै 2017 पूर्वी राज्यात मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता, हिंदीला 45 टक्क्यांपर्यंत होता. जीएसटी आला आणि ही सवलत एका रात्रीत संपली.

एकपडद्यांचा हिशेब निराळा. तिथे आठवड्याचं ठरावीक भाडं किंवा टक्केवारी चालते. भाडं भरलं की वरचा गल्ला वितरकाचा, म्हणून चालणारा सिनेमा तिथे महिनोन्‌महिने राहायचा. परळच्या भारतमातासारखी थिएटरं गिरणी कामगारांच्या वस्तीवर उभी राहिली. गिरण्या गेल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि शंभरच्या आतल्या तिकिटाची जागा आक्रसत गेली.

सिनेमा काढायचा विचार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. तीनशे पडदे मागू नका. दादर-ठाणे-डोंबिवली, कोथरूड, नाशिक, कोल्हापूर अशी मराठी वस्तीची साठ-सत्तर ठिकाणं निवडा आणि प्रत्येक ठिकाणी संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान एकच शो मागा. भरलेला एक शो सोमवारी वाचतो. अर्धे रिकामे चार शो एकमेकांना घेऊन बुडतात. व्हीपीएफ दर शोमागे किती हे आधी लेखी घ्या. वितरकाकडून रोजचा डीसीआर, म्हणजे थिएटरनिहाय कलेक्शनचा तक्ता, मागा; महिन्याने मिळालेल्या एकरकमी आकड्यात काहीच पडताळता येत नाही. नांदेड-संभाजीनगरचा वितरक वेगळा निघाला तर दचकू नका. धंद्याच्या जुन्या नकाशात मराठवाडा अजून ‘निझाम’मध्ये आणि विदर्भ ‘सीपी बेरार’मध्ये मोडतो.

आणि सरकारी अनुदान किंवा ओटीटीचे पैसे बजेटमध्ये आधीच जमा धरू नका. अनुदान सिनेमा परीक्षण समितीपुढे जाऊन दर्जा मिळाल्यावर येतं, आणि ओटीटीवाले हल्ली आधी थिएटरचा आकडा विचारतात.