पेटीत जाईल ते तयार होऊनच

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. सासूबाई म्हणतात देऊन टाक, आई म्हणते एकही कपडा घराबाहेर जाऊ देऊ नकोस, नवरा म्हणतो ऑनलाइन तीनशे रुपयांत सेट येतो, कशाला पसारा. आणि तू लेकाचे आखूड झालेले कपडे तीन पिशव्यांत भरून दिवाणात कोंबून ठेवलेस. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणूनच तुझा गोंधळ झालाय. दुसऱ्या बाळासाठी ठेवावेत की नाही यावर मी शाई खर्च करत नाही. तुला ठेवायचेच आहेत, नाहीतर विचारलं नसतंस. कसे ठेवायचे ते सांगते.

नियम एकच. पेटीत जाणारा कपडा आजच्या आज दुसऱ्या बाळाच्या अंगात घालता येईल असा हवा. डाग निघालेला, बटण लावलेलं, उसवलेली शिवण घातलेली, लोंबते दोरे कापलेले. 'नंतर बघू' म्हणून एकही कपडा आत जायचा नाही. हे 'नंतर' कधी येणार आहे? आठवा महिना लागलेला असताना, किंवा कुशीत दहा दिवसांचं बाळ आणि पायात मोठा घुटमळत असताना. तेव्हा तू सुईत दोरा ओवत बसणार आहेस का?

आत्ता श्रावण चालू आहे, तेव्हा आत्ता पेटी भरायचीच नाही. ठाण्या-डोंबिवलीकडच्या पावसाळी हवेत दोरीवर वाळलेला सुती कपडाही आतून दमट असतो. तो बंद डब्यात गेला की तो दमटपणा तिथेच राहतो आणि बुरशीला तेवढा पुरतो. भरायची वेळ म्हणजे दसऱ्यानंतरचं ऑक्टोबरचं ऊन. तोवर पिशव्या रिकाम्या कर, निवड कर, डाग काढ, शिवणकाम उरक. दीड महिना हाताशी आहे, रोज पाच कपडे घेतलेस तरी पुष्कळ झालं.

डागांपासून सुरुवात कर, कारण फसवणूक तिथेच होते. स्वच्छ दिसणारं एक झबलं घे आणि खिडकीपाशी उजेडात धर. गळ्याच्या पुढच्या बाजूला, हनुवटीखाली, बोट फिरव. कापड किंचित ताठ लागेल, नाकाशी नेलंस तर आंबूस वास येईल. तो ओकलेल्या दुधाचा डाग. आज दिसत नाही, पण दुधातल्या स्निग्धाचा हवेशी संयोग होत जातो आणि वर्षभरात तिथे पिवळं कडं उमटतं. मग बायका म्हणतात, 'धुऊन ठेवलं होतं तरी पिवळं पडलं.' अगं, ते धुतलंच गेलं नव्हतं.

दुधाला आधी गार पाणी. अर्धा तास भिजवायचं, मग साबणाची वडी चोळायची, मग एन्झाइमवाल्या पावडरीच्या कोमट पाण्यात तासभर ठेवायचं. पहिल्यांदाच कढत पाणी ओतलंस तर दुधातलं प्रथिन धाग्यात शिजून बसतं. टोपड्यांच्या कडांना आणि झबल्यांच्या खांद्यांना मालिशचं तेल असतं. तिथे भांड्यांचा साबण कोरड्या कपड्यावरच चोळ, दहा मिनिटांनी धू. वरणाच्या हळदीला घाबरू नकोस, ती उन्हात उडते. धुतलेला ओला कपडा दोन-तीन दुपारी कडक उन्हात टाकायचा. केळ्याचा डाग मात्र लबाड आहे, ताजा असताना दिसत नाही आणि नंतर काळपट होतो. तो लागलेला माहीत असेल तर त्याच दिवशी काढायचा. लोहाच्या औषधाचे तांबूस थेंब पडले असतील तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेव. क्लोरीनचं ब्लीच त्यावर घालू नकोस, डाग आणखी पक्का होतो. खरं तर या कपड्यांना ते ब्लीच नकोच, इलॅस्टिक त्याने मरतं.

शेवटचं खळबळणं तीन पाण्यांत, म्हणजे पाण्याला फेस उरेनासा होईपर्यंत. कंडिशनर नको, त्याचा थर बसला की लंगोट पाणी शोषत नाहीत. खळ तर मुळीच नको. स्टार्च हे कसरीचं आवडतं खाणं आहे, खळ घालून ठेवणं म्हणजे तिला पान वाढून ठेवणं.

वाळलं की नाही हे हाताने कळत नाही. कपड्यातली सगळ्यात जाड जागा शोध. ती बहुतेक काखेतली शिवण, गळ्याची पट्टी नाहीतर इलॅस्टिकचा नेफा असते. ती चिमटीत धरून गालाला लाव. गार लागली तर ओली आहे, पुन्हा दोरीवर. आणि उन्हातून काढलेले गरम कपडे लगेच डब्यात घालायचे नाहीत. पंख्याखाली पसरून तासभर पूर्ण निवू द्यायचे.

आता शिवण. हातमोजे-पायमोजे उलटे कर आणि आतले सुटे दोरे मुळाशी काप. असा दोरा किंवा अडकलेला केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला समजत नाही. गळ्याशी असलेल्या नाड्या काढून टाक, त्या जागी टिचबटण लाव. गंजलेलं टिचबटण तसंच ठेवू नकोस, तांबेऱ्याचा डाग शेजारच्या कपड्यालाही लागतो. वेल्क्रो बंद करून ठेव, उघडा राहिला तर होजिअरीचे धागे ओढतो. ही कामं तुला किरकोळ वाटतील. किरकोळ आहेत म्हणूनच 'नंतर बघू' होतं. तयार नसेल तर आत नाही!

नियमाला अपवाद एकच, तोही नाइलाजाने: इलॅस्टिक. आजचं चांगलं इलॅस्टिक तीन उन्हाळे डब्यात राहिलं की सैल होतं. रबर असेल तर चिकट होतं, ताणलं की करकरतं. म्हणून चड्ड्यांच्या नेफ्याची मागची शिवण बोटभर उसवून ठेव. वेळ आली की जुनं ओढून काढायचं आणि कमरेच्या मापापेक्षा दीड-दोन इंच कमी असं नवं ओवायचं. ज्यांचं इलॅस्टिक थेट कापडावर शिवलेलं आहे त्या चड्ड्या ठेवूच नकोस.

किती ठेवायचं? इथे तुझ्या आईशी माझं पटत नाही. बाळाचं वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट होतं आणि वर्षाला साधारण तिप्पट. म्हणजे पहिल्या वर्षाचे कपडे झिजायच्या आत आखूड होतात. तेच ठेवण्यासारखे. रांगायला लागलं की गुडघे जातात, चालायला लागलं की बूड आणि कोपरं जातात. दीड वर्षानंतरच्या कपड्यांतले चारातले एक-दोन टिकले तरी नशीब समज. पहिल्या तीन महिन्यांसाठी ८ ते १० झबली, २० लंगोट, ५-६ दुपटी, ४ टोपडी, मोज्यांच्या ३ जोड्या. बस. सहा-नऊ महिन्यांचे १० ते १२ कपडे. जास्त ठेवलंस तर डबा उघडायचाच कंटाळा येतो, आणि न उघडलेल्या डब्यात काय चाललंय ते कसरीलाच ठाऊक. वापरलेले बूट ठेवू नकोस, ते पहिल्याच्या पावलाच्या आकाराने बसलेले असतात.

नुसत्या वयाप्रमाणे डबे लावू नकोस, ऋतूही लिही. तुझा लेक जूनमधला. त्याचे सहा-नऊ महिन्यांचे कपडे डिसेंबर ते मार्चचे, म्हणजे त्यात स्वेटर आणि लांब बाह्या. दुसरं समजा जानेवारीत झालं तर त्याचे सहा-नऊ महिने जुलै ते ऑक्टोबरला येतात. स्वेटर तेव्हा डब्यात आणि बाळ घामाघूम! म्हणून लोकरीचं वेगळं बांध. डब्यावरच्या चिठ्ठीवर कंपनीचा मापाचा नंबर लिहू नकोस, दर कंपनीचा नंबर वेगळा. खांद्यापासूनची लांबी आणि छाती इंचांत लिही, खाली ऋतू, खाली यादी आणि भरल्याची तारीख. एक चिठ्ठी बाहेर चिकटव, एक आत ठेव, कारण बाहेरची पडते.

डबा झाकणाला कडी असलेला, २५ ते ३० लिटरचा. पन्नास लिटरचा घेतलास तर तो माळ्यावरून एकटीला उतरवता येत नाही, म्हणून उतरवला जात नाही. आजीची पत्र्याची ट्रंक असेल तर चालेल, पण गंज घासून आतून मांजरपाट घाल. खोकी नकोत, त्यांचा पुठ्ठा ओल धरतो आणि गोंदाला झुरळं येतात. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पांढरे कपडे पिवळट पडतात. वर्तमानपत्रही घालू नकोस, शाई लागते. जुनी धुतलेली सुती साडी तळाला आणि वर घालायची. बाथरूमच्या भिंतीला लागून डबा नको, भिंतीपासून चार बोटं अंतर, जमिनीपासून वर. वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा असेल तर तिथे उन्हाळ्यात भट्टी होते, त्यापेक्षा कपाटाचा खालचा खण बरा.

डांबराच्या गोळ्या. हे दोनदा वाच. बाळाच्या कपड्यांत डांबराची गोळी कधीही टाकायची नाही, फडक्यात बांधूनही नाही. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत गोळीतल्या नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ भडकते, आणि नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. तुझ्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे कपडे ठेवताना तुला माहीत असणार नाही. कुणी गोळ्या घातलेले कपडे दिले तर कित्येक दिवस वाऱ्यावर टाकून, पुन्हा पुन्हा धुऊन वास पूर्ण गेल्याशिवाय घालू नकोस. कापराच्या वड्याही नकोत, मोठ्या लेकाने तोंडात टाकली तर झटके येतात. सावलीत कुरकुरीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत घाल, वेखंडाचा तुकडा घाल. त्याने कसर मरत नाही, फार तर लांब राहते. खरा बंदोबस्त म्हणजे स्वच्छ, कोरडा कपडा आणि वर्षातून दोनदा उघडणं: एकदा दिवाळीच्या साफसफाईत, एकदा मे महिन्यात मृगाच्या आधी. ओल शोषणारं सिलिका जेल वापरणार असशील तर निळ्या खड्यांचं घेऊ नकोस.

आजीने विणलेला स्वेटर खऱ्या लोकरीचा असेल तर त्याला लागणारी कसर वेगळी, पतंगाची. सौम्य साबणाने धू, पिळू नकोस, टॉवेलवर आडवा पसरून वाळव. मग पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेव, म्हणजे अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आधी खोलीच्या हवेला येऊ दे, नाहीतर लोकरीवर पाणी धरतं. दुकानातली बहुतेक 'लोकर' अॅक्रिलिक असते, तिला हा खटाटोप नको.

मला चिकट म्हणतात, म्हणू देत. 'तीनशे रुपयांत येतो' हे ज्याने म्हणायचं त्याने खुशाल म्हणावं. चाळीस वेळा धुतलेल्या सुती झबल्यातली कारखान्याची खळ आणि रसायनं केव्हाच निघून गेलेली असतात. पंधरा दिवसांच्या कातडीला तेच कापड सोसतं. नवं आणशील ते आधी दोनदा धुवावंच लागेल. आणि ठेवलेल्यातलं निम्मंही मी ठेवू देत नाहीये, मग मला चिकट का म्हणायचं? जे नापास झालं ते बोहारणीला दे. फाटकं ती घेत नाही, त्याची पुसणी कर, होजिअरी पाणी छान टिपते. दुपट्यांतली विरलेली गोधडीत जाऊ देत.

नणंदेला तिच्या बाळासाठी द्यायचे असतील तर मोकळ्या मनाने दे, पण 'नंतर परत दे' म्हणून देऊ नकोस. दिलं ते गेलं. जे परत हवंच आहे ते देऊ नये, नाहीतर एका स्वेटरपायी नात्यात गाठ पडते. आणि डबे भरले म्हणजे दुसऱ्याचं ठरलं असा अर्थ घरात कुणी काढला तर काढू दे. लेक पाच वर्षांचा झाला आणि तोवर गरज लागली नाही, तर डबे ज्याला लागतील त्याला जसेच्या तसे देता येतात. तयार करून ठेवलेत म्हणूनच देता येतात, हे लक्षात ठेव.

बारशाची जरीची कुंची विचारली होतीस. ती या डब्यांत नको. बाळाने ओकलेलं असेल तर फक्त ड्रायक्लीन. मांजरपाटात गुंडाळ, प्लॅस्टिकमध्ये नाही, जरतार काळी पडते. घड्या घालताना मध्ये मऊ सुती कापडाची गुंडाळी घाल आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाल. रेशीम घडीवरच चिरतं आणि चिरलेलं रेशीम रफू करणं कठीण. बोरन्हाणाचं काळं झबलं मात्र सुती आहे ना? मग ते डब्यातच, पण पहिल्या धुण्यात त्याचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघ. जात असेल तर वेगळ्या पुरचुंडीत.

तुझी,
मावशी